विश्लेषण : दोष रेंजचा की संकेतस्थळाचा? ब्राउजरची नोंदवही काय सांगते?

कशेडी घाटात फोनवरचा अर्ज अडकला की 'रेंज नाही' म्हणून आपण विषय संपवतो. पण प्रत्येक वेळी दोष रेंजचाच असतो असे नाही. पान का उघडले नाही, बटण दाबूनही अर्ज का गेला नाही, याचा हिशेब ब्राउजर स्वतःच ठेवत असतो. संकेतस्थळांची चाचणी करणारे अभियंते हाच हिशेब वाचून बिघाड शोधतात. तो कसा वाचला जातो आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, याचा आढावा.

कशेडीत नेमके काय होते?

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर सोडले की कशेडी घाट लागतो. घाट ओलांडला की रायगड जिल्हा संपून रत्नागिरीतील खेड तालुका सुरू होतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि वळणावळणाचा रस्ता. घाटाला पर्याय म्हणून खोदलेले मोठे बोगदेही याच भागात आहेत. अशा डोंगराळ प्रदेशात मोबाइलची रेंज जाते-येते, हे या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. त्यामुळे गाडीत बसून कुणी रेल्वेचे तिकीट काढत असेल, कुणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असेल आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले, तर दोष आपोआप घाटाच्या माथी मारला जातो.

पण तोच अर्ज पोलादपूरच्या बाजारपेठेत, चांगली रेंज असताना भरला आणि तरीही चक्र फिरतच राहिले तर? तेव्हा प्रश्न उभा राहतो, की अडथळा वाटेत आहे की संकेतस्थळाच्या दारात? वापरकर्त्याला दोन्ही वेळी एकच चित्र दिसते. परिणाम मात्र वेगळे असतात. रेंजचा दोष असेल तर थोड्या वेळाने काम होते. संकेतस्थळाचा दोष असेल तर कितीही वेळा बटण दाबले तरी उपयोग नसतो. आणि अर्जाची मुदत तेवढ्यात संपून जाते.

जुलै २०२१ का आठवावा?

महाराष्ट्राला या प्रश्नाची सर्वांत मोठी झळ बसली ती १६ जुलै २०२१ रोजी. करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली होती. अंतर्गत मूल्यमापनावर आधारलेला निकाल त्या दिवशी दुपारी १ वाजता जाहीर झाला. निकाल ९९.९५ टक्के लागला. पण सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना तो पाहताच येईना. निकालाची संकेतस्थळे तासन् तास उघडली नाहीत. घरोघरी मुले पान पुन्हा पुन्हा ताजे करत बसली, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाने आधीच वाकलेल्या सर्व्हरवर आणखी एक विनंती जाऊन पडत राहिली.

त्यानंतर चार दिवसांनी, २० जुलैला, अकरावी प्रवेशासाठीच्या सामाईक प्रवेश परीक्षेची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. तांत्रिक कारणामुळे ती दुसऱ्याच दिवशी थांबवावी लागली. (पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द केली.) आणि २२ जुलैला महाड-पोलादपूरवर आभाळ कोसळले. महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले, तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा जीव गेला, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. नोंदणी काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली खरी. पण वीज, रस्ते आणि फोन असे सगळेच विस्कळीत झालेल्या भागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने नोंदणीचा वाया गेलेला प्रत्येक दिवस किती महाग होता, हे वेगळे सांगायला नको.

संकेतस्थळ कोसळणे ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत आरोग्य विम्यासाठीचे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली, हे नंतर उघड झालेल्या कागदपत्रांतून समोर आले. अशा घटनांनंतर एकच प्रश्न विचारला जातो : आधी तपासून पाहिले नव्हते का? तपासणी बहुतेक वेळा होते. पण ती तपासणी नापास झाली तर का नापास झाली, हे शोधणे हे खरे काम असते. तिथेच ब्राउजरची नोंदवही कामी येते.

ब्राउजरची 'नेटवर्क नोंद' म्हणजे काय?

पोलादपूरच्या एसटी स्थानकातील वाहतूक नियंत्रकाची नोंदवही डोळ्यांसमोर आणा. कोणती गाडी, कुठून आली, किती वाजता सुटली, किती वाजता पोहोचली, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. ब्राउजरही नेमके हेच करतो. आपण एक पान उघडतो, तेव्हा प्रत्यक्षात एकच गोष्ट येत नाही. आधी पानाचा सांगाडा येतो. मग त्याची सजावट ठरवणारी फाइल, बटणांना जिवंत करणारे प्रोग्राम, चित्रे, अक्षरवळणे, आणि मागाहून सर्व्हरकडून येणारी माहिती. एका साध्या अर्जाच्या पानासाठीही ब्राउजर अशा अनेक विनंत्या पाठवतो. मोठ्या पानांसाठी त्यांची संख्या शंभराच्या वर जाते.

या प्रत्येक विनंतीची एक ओळ नोंदीत असते. विनंती कोणत्या पत्त्यावर गेली, केव्हा निघाली, सोबत काय पाठवले, उत्तर काय आले, उत्तराचा आकार किती होता आणि एकूण वेळ किती लागला, हे सगळे त्या ओळीत असते. संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स उघडून 'एफ १२' ही कळ दाबली आणि 'नेटवर्क' हा भाग निवडला की ही नोंद समोर येते. फोनच्या ब्राउजरमध्ये ती थेट दिसत नाही. मात्र अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडून, फोनवर उघडलेल्या पानाची नोंद संगणकावरच्या क्रोममध्ये पाहता येते.

'हार' फाइल कुठून आली?

ही नोंद नुसती पाहून भागत नाही. ज्याच्या संगणकावर बिघाड दिसला तो माणूस एका गावी आणि दुरुस्त करणारा दुसऱ्या गावी असतो. म्हणून नोंद जतन करून पाठवण्याची सोय हवी होती. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी 'फायरबग' हे साधन आले आणि पानाच्या पोटात डोकावणे सर्वसामान्य प्रोग्रामरांच्या आवाक्यात आले. त्यानंतर २००९ च्या सुमारास वेगवेगळ्या साधनांना वाचता येईल असा नोंदीचा एक समान नमुना ठरला. त्याचे नाव 'एचटीटीपी आर्काइव्ह', संक्षेपात 'हार'. मराठी कानाला नाव अपशकुनी वाटले तरी अडलेली चाचणी जिंकून देणारी फाइल हीच.

ही फाइल म्हणजे ठरावीक रचनेतला साधा मजकूर असतो. क्रोममध्ये जतन केलेली फाइल फायरफॉक्समध्ये उघडता येते. फायरबग २०१७ मध्ये बंद झाले, पण त्याच्या काळात जन्मलेला हा नमुना आजही सर्व प्रमुख ब्राउजर आणि चाचणीची साधने वापरतात.

तीन आकडी उत्तरांचा अर्थ काय?

नोंद वाचताना अभियंत्याची नजर आधी तीन आकडी संकेतांकावर जाते. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत हा आकडा पाठवतो. २०० च्या घरातला आकडा म्हणजे काम झाले. ३०० च्या घरातला म्हणजे 'इथे नाही, पलीकडच्या पत्त्यावर जा'. ४०० च्या घरातला म्हणजे मागणाऱ्याकडून काहीतरी चुकले. ५०० च्या घरातला म्हणजे चूक सर्व्हरच्या बाजूची.

त्यातही बारकावे आहेत. ४०१ म्हणजे आधी लॉगिन करा. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू त्या पत्त्यावर नाही. ४२९ म्हणजे तुम्ही फार कमी वेळात फार विनंत्या केल्या. ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही, आणि ५०४ म्हणजे दारातल्या सर्व्हरने आतल्या सर्व्हरची वाट पाहिली, पण आतून वेळेत उत्तर आले नाही. निकालाच्या किंवा तिकिटाच्या दिवशी ५०३ किंवा ५०४ दिसला, तर दोष तुमच्या रेंजचा नाही. कारण हा आकडा तुमच्या फोनपर्यंत पोहोचला, याचाच अर्थ वाट मोकळी होती.

याउलट, काही ओळींत आकडाच नसतो. 'नाव सापडले नाही', 'जोडणी तुटली', 'इंटरनेट नाही' अशा अर्थाची त्रुटी लिहिलेली असते. अशा वेळी विनंती एक तर सर्व्हरपर्यंत गेलीच नाही किंवा उत्तर वाटेत हरवले. घाटात रेंज गेल्यावर नोंदीत हेच दिसते.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवावा लागतो. काही संकेतस्थळे बिघाड झाला तरी २०० हाच आकडा पाठवतात आणि 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' हा संदेश उत्तराच्या मजकुरात लिहितात. नुसते आकडे पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटते. म्हणून अनुभवी अभियंता आकड्यावर न थांबता उत्तराचा मजकूरही उघडून वाचतो.

वेळेचे तुकडे कसे वाचायचे?

नोंदीतली दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. ब्राउजर प्रत्येक विनंतीच्या वेळेचे तुकडे पाडतो. रांगेत थांबणे, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणे, जोडणी करणे, विनंती पाठवणे, उत्तराच्या पहिल्या अक्षराची वाट पाहणे आणि उत्तर उतरवून घेणे. या तुकड्यांच्या रंगीत पट्ट्या पडद्यावर एकाखाली एक धबधब्यासारख्या दिसतात.

पत्ता शोधण्यात किंवा जोडणीत वेळ गेला असेल, तर अडचण बहुधा वाटेत आहे. उतरवून घेण्यात वेळ गेला असेल, तर फाइल तरी फार मोठी आहे किंवा लाइन तरी संथ आहे. आणि वाट पाहण्यात वेळ गेला असेल, तर संशयाची सुई सर्व्हरकडे वळते. मात्र वाट पाहण्याच्या वेळेत जाण्यायेण्याचा प्रवासही धरलेला असतो. त्यामुळे एकाच ओळीवरून निकाल देता येत नाही.

इथे पुन्हा एसटीची नोंदवही आठवावी. दिवसभरातल्या सगळ्याच गाड्या उशिरा आल्या असतील, तर घाटात दरड पडली असणार किंवा वाहतूक तुंबली असणार. बाकी गाड्या वेळेवर आणि एकच गाडी दीड तास उशिरा असेल, तर बिघाड त्या गाडीत आहे. नेटवर्क नोंदीलाही हाच न्याय लागू पडतो. सगळ्या ओळी संथ असतील तर दोष जोडणीचा. तीस ओळी झपाट्याने आल्या आणि 'अर्ज सादर करा' ही एकच ओळ अडकली, तर दोष सर्व्हरच्या त्या कामात.

यंत्राने केलेली चाचणी नापास का होते?

आज मोठी संकेतस्थळे हाताने तपासली जात नाहीत. ब्राउजर चालवणारा प्रोग्राम लिहिला जातो. तो पान उघडतो, नाव भरतो, बटण दाबतो आणि अपेक्षित मजकूर दिसतो का ते पाहतो. या कामासाठी सर्वाधिक ओळखले जाणारे 'सेलेनियम' हे साधन २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीतील जेसन हगिन्स यांनी सुरू केले. मायक्रोसॉफ्टचे 'प्लेराइट' २०२० मध्ये आले. हे प्रोग्राम रात्रंदिवस चालतात. सकाळी अभियंता कार्यालयात येतो, तेव्हा काही चाचण्या हिरव्या आणि काही लाल दिसतात.

लाल चाचणीचा संदेश बहुतेकदा अगदीच तोकडा असतो. समजा, शिष्यवृत्ती अर्जाच्या एका चाचणीत 'दहा सेकंदांत अर्ज क्रमांक दिसला नाही' एवढेच लिहिले आहे. सोबतच्या छायाचित्रात गोल चक्र फिरते आहे. यावरून काहीच कळत नाही. कारणे अनेक असू शकतात. बटण दाबलेच गेले नसेल, विनंती गेली नसेल, उत्तर चुकीचे आले असेल किंवा उत्तर बरोबर येऊनही पानाने ते दाखवले नसेल.

आता त्या चाचणीची 'हार' फाइल उघडली. चौतीस ओळी आहेत. तेहतीस ओळी अर्ध्या सेकंदाच्या आत पूर्ण झाल्या आहेत. चौतिसावी ओळ अर्ज सादर करण्याची. तिचा संकेतांक २००, म्हणजे काम झाले. पण वाट पाहण्याची वेळ ११.८ सेकंद. म्हणजे बटण चालले, विनंती गेली, सर्व्हरने अर्ज स्वीकारलाही. फक्त चाचणीचा धीर दहाव्या सेकंदाला सुटला आणि उत्तर त्यानंतर आले. जे शोधायला एरवी दिवस गेला असता, ते पाच मिनिटांत सापडले.

मर्यादा वाढवली की प्रश्न सुटतो का?

इथे एक सोपी पळवाट असते. दहा सेकंदांची मर्यादा वीस करायची. चाचणी हिरवी होते आणि सगळे घरी जातात. पण नोंदीने सांगितलेली खरी गोष्ट वेगळी होती. सर्व्हरला एक अर्ज नोंदवायला जवळपास बारा सेकंद लागत आहेत, आणि तेही चाचणीच्या वेळी, जेव्हा अर्जदार एकच आहे. शेवटच्या तारखेला हजारो अर्जदार एकदम आले तर काय होईल?

शिवाय माणूस यंत्रासारखा शांतपणे वाट पाहत नाही. चक्र फिरत राहिले की तो पुन्हा बटण दाबतो. मग पहिली विनंती आत प्रक्रियेत असतानाच दुसरी जाते. सर्व्हरने यासाठी तजवीज केलेली नसेल, तर एकाच विद्यार्थ्याचे दोन अर्ज होतात किंवा शुल्क दोनदा कापले जाते. पुढे छाननीत दुबार अर्ज म्हणून दोन्ही बाजूला पडण्याची भीती असते. म्हणून चांगले अभियंते अशा वेळी तीन गोष्टी करतात. सर्व्हरचे संथ काम शोधून दुरुस्त करतात, एकदा दाबलेले बटण उत्तर येईपर्यंत निष्क्रिय करतात, आणि तोच अर्ज पुन्हा आला तर सर्व्हरने नवा क्रमांक न देता जुनाच द्यावा अशी व्यवस्था करतात. चाचणीची मर्यादा वाढवायची की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

कधी पास, कधी नापास : हा कोणता रोग?

चाचणीच्या जगातली सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे लहरी चाचणी. प्रोग्राममध्ये काहीच बदल नसताना ती सकाळी पास होते आणि दुपारी नापास. गूगलने २०१६ मध्ये स्वतःच्या चाचण्यांबद्दल दिलेल्या माहितीनुसार, चाचण्यांच्या सुमारे १.५ टक्के फेऱ्या असा लहरी निकाल देत होत्या आणि जवळपास १६ टक्के चाचण्यांमध्ये थोडाफार लहरीपणा होता. धोका असा, की 'ही चाचणी असेच करते, पुन्हा चालवा' अशी सवय लागते आणि एक दिवस खरा बिघाडही त्याच सवयीने दुर्लक्षिला जातो. लांडगा आला रे आला, या गोष्टीसारखे.

यावर उपाय म्हणजे पास झालेल्या आणि नापास झालेल्या फेरीच्या नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहणे. फरक बहुधा एखाद-दुसऱ्या ओळीत सापडतो. कधी बाहेरच्या एखाद्या जाहिरात किंवा गणना-सेवेची फाइल उशिरा आलेली असते. कधी दोन विनंत्यांचा क्रम उलटलेला असतो : यादी आधी यायला हवी होती, तिच्यातली निवड आधी आली. कधी चाचणी 'सगळी हालचाल थांबेपर्यंत थांब' असे सांगते आणि पानावरची गप्पांची खिडकी दर काही सेकंदांनी सर्व्हरला हाक मारत राहते. हालचाल थांबतच नाही, चाचणीही संपत नाही.

महाराष्ट्राचा यात वाटा काय?

या क्षेत्रातले जगभर वापरले जाणारे एक नाव मुंबईत जन्मले. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये 'ब्राउजरस्टॅक' ही कंपनी स्थापन केली. वेगवेगळे फोन, ब्राउजर आणि त्यांच्या आवृत्त्या स्वतः विकत न घेता त्यांच्यावर संकेतस्थळ तपासून पाहण्याची सोय ही कंपनी इंटरनेटवरून भाड्याने देते. जून २०२१ मध्ये तिला २० कोटी डॉलरची गुंतवणूक मिळाली, तेव्हा तिचे मूल्यांकन ४ अब्ज डॉलर झाले होते.

तिच्या सेवेत चाचणी चालू असताना नेटवर्क नोंद ठेवण्याचा पर्याय आहे, आणि ती नोंद याच 'हार' नमुन्यात मिळते. हा पर्याय मुद्दाम सुरू करावा लागतो. कारण प्रत्येक विनंतीची नोंद ठेवायची म्हणजे चाचणीचा वेग थोडा कमी होतो. त्यामुळे अनेक संघ नेहमीच्या फेरीत नोंद बंद ठेवतात आणि चाचणी नापास झाली की ती सुरू करून पुन्हा चालवतात. लहरी चाचणीच्या बाबतीत मात्र हा हिशेब फसतो. दुसऱ्या फेरीत ती पास होते आणि पुरावा हाती लागत नाही. अशा चाचण्यांसाठी नोंद सतत सुरू ठेवणे आणि केवळ नापास फेरीची फाइल जपून ठेवणे हा मधला मार्ग आहे.

कार्यालयात पास, घाटात नापास असे का?

चाचणी बहुधा शहरातल्या वेगवान जोडणीवर चालते. एक साधा हिशेब पाहा. एखाद्या पानाचे एकूण वजन ५ मेगाबाइट आहे. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाच्या लाइनवर ते एका सेकंदाच्या आत उतरते. रेंज खालावून वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट झाला, तर त्याच पानाला ८० सेकंद लागतात. पान तेच, सर्व्हर तोच. कार्यालयात हिरवी झालेली चाचणी घाटातल्या माणसासाठी लालच असते.

म्हणूनच ब्राउजरच्या याच भागात वेग मुद्दाम कमी करून पाहण्याची सोय दिलेली असते. संथ थ्री-जी किंवा फोर-जीसारखी जोडणी, अगदी 'इंटरनेट पूर्ण बंद' अशीही स्थिती निवडून पान कसे वागते ते तपासता येते. अशा वेळी काढलेल्या नोंदीतून कळते, की कोणते चित्र विनाकारण दोन मेगाबाइटचे आहे, कोणती फाइल दोनदा उतरते आहे, आणि अर्जासाठी मुळीच गरज नसलेली कोणती बाहेरची सेवा आधी येऊन रस्ता अडवते आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. अर्ज भरणाऱ्याला मात्र एकाच गोष्टीशी कर्तव्य असते : कमी रेंजमध्ये पान उघडते की नाही.

याचे मोल ग्रामीण भागात जास्त आहे. एखाद्या वाडीवरून सेवा केंद्रात यायचे, म्हणजे एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जाते. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' या एका वाक्याची किंमत तिथे शहरापेक्षा कितीतरी अधिक असते.

नोंदीत गुपितेही असतात का?

होय, आणि हाच या साधनाचा धोका आहे. नोंदीत ब्राउजरने पाठवलेले सारे काही असते. त्यात अर्जात भरलेले नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक असू शकतो. पासवर्ड असू शकतो. आणि लॉगिन झाल्यावर संकेतस्थळाने दिलेली 'कुकी' किंवा ओळख-चिन्हही असते. ते चिन्ह ज्याच्या हाती लागेल, त्याला पासवर्ड न विचारता आत जाता येते.

२०२३ मध्ये हेच घडले. ऑक्टा ही अमेरिकी कंपनी हजारो संस्थांना लॉगिनची सेवा पुरवते. अडचण आली की ग्राहक तिच्या मदत विभागाला 'हार' फाइल पाठवत. २८ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर २०२३ या काळात घुसखोरांनी त्या मदत विभागाच्या यंत्रणेतून १३४ ग्राहकांशी संबंधित फाइली मिळवल्या. त्यांतल्या ओळख-चिन्हांचा वापर करून पाच ग्राहकांच्या चालू लॉगिनचा ताबा घेण्यात आला. वन-पासवर्ड, बियाँड-ट्रस्ट आणि क्लाउडफ्लेअर या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपन्यांना त्याचा फटका बसला. बिघाड दाखवण्यासाठी पाठवलेली फाइलच चोराच्या हातची किल्ली ठरली.

त्यानंतर २०२४ मध्ये क्रोमने आपली पद्धत बदलली. आता नोंद जतन करताना कुकी आणि ओळख-चिन्हाचे ठरावीक रकाने आपोआप वगळले जातात. सगळे हवे असेल तर तसा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. मात्र अर्जात भरलेली माहिती या गाळणीतून सुटत नाही. म्हणून खऱ्या नागरिकाच्या माहितीऐवजी बनावट माहिती भरून चाचणी करणे, फाइल पाठवण्यापूर्वी तपासणे आणि काम झाल्यावर लॉगआउट करून फाइल पुसून टाकणे, हे पथ्य पाळावेच लागते. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अशा फाइलींची जबाबदारी हलक्यात घेता येणार नाही.

नोंद काय सांगू शकत नाही?

ब्राउजरची नोंद दारापर्यंतची हकिकत सांगते. दाराआड काय चालले होते, हे तिला दिसत नाही. ५०० हा आकडा आला, म्हणजे आत काहीतरी मोडले. पण माहितीसाठा अडकला, जागा संपली की प्रोग्राममध्ये चूक होती, हे सर्व्हरची स्वतःची नोंदवही पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी शहाणी संकेतस्थळे प्रत्येक विनंतीला एक क्रमांक देतात. तो ब्राउजरच्या नोंदीतही असतो आणि सर्व्हरच्या नोंदीतही. दोन वह्यांतली तीच ओळ चटकन जुळवता येते.

तसेच, एका माणसाच्या ब्राउजरची नोंद लाखोंच्या गर्दीचे चित्र देत नाही. निकालाच्या दिवसासाठी हजारो वापरकर्त्यांचा भार निर्माण करून पाहणारी चाचणी वेगळी करावी लागते. मात्र त्या चाचणीत कोणत्या विनंत्या कोणत्या क्रमाने पाठवायच्या, हे ठरवायलाही सुरुवातीला एका माणसाची नोंदच उपयोगी पडते.

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

फोनवर अर्ज भरणाऱ्याने 'हार' फाइल काढावी, अशी अपेक्षा कुणी करत नाही. पण या सगळ्यातून घेण्यासारख्या काही गोष्टी नक्की आहेत. पान अडकले की त्याच वेळी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते झटकन उघडले, तर दोष रेंजचा नसण्याची शक्यता अधिक. पडद्यावर तीन आकडी संकेतांक दिसला तर तो लिहून ठेवावा. ५०० च्या घरातला असेल तर जागा बदलून किंवा सिमकार्ड बदलून उपयोग नाही. थोडे थांबणे हाच उपाय.

अर्ज सादर करण्याचे किंवा पैसे भरण्याचे बटण एकदाच दाबावे. चक्र फिरत राहिले, तर पुन्हा दाबण्यापूर्वी 'माझे अर्ज' या पानावर किंवा बँकेच्या संदेशात नोंद झाली का ते पाहावे. तक्रार करताना नुसते 'साइट चालत नाही' असे न लिहिता तारीख, नेमकी वेळ, कोणत्या पायरीवर अडले आणि कोणता संदेश आला, हे छायाचित्रासह कळवावे. वेळ कळली की सर्व्हरच्या नोंदवहीतली ती ओळ शोधता येते. मुदत संपल्यावर दाद मागायची वेळ आली, तर हाच पुरावा आपल्या हाती असतो. आणि कुणी मदतीच्या नावाखाली नेटवर्क नोंदीची फाइल व्हॉट्सअॅपवर मागितली, तर ती देऊ नये. ती ओटीपी देण्याइतकीच जोखमीची आहे.

सेवा केंद्रचालकांना मात्र ही नोंद वाचायला शिकणे अवघड नाही. 'एफ १२' दाबून, सगळ्या ओळी संथ आहेत की एकच, एवढे पाहिले तरी समोर बसलेल्या अर्जदाराला 'थोडे थांबा' सांगायचे की 'उद्या या', हे अंदाजाने न सांगता पाहून सांगता येईल. कशेडीचा घाट आणि तिथली रेंज बदलणे संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या हातात नाही. पण आपला सर्व्हर बारा सेकंद घेतो आहे, हे चाचणीच्या दिवशीच वाचून दुरुस्त करणे त्यांच्या हातात आहे. ते झाले, तर शेवटच्या तारखेला पोलादपूरच्या विद्यार्थ्याला निदान एकाच अडथळ्याशी झगडावे लागेल.